‘कोरोनात गेले’ : साथीच्या आठवणीची विभक्ती

१

थोरल्या भावाच्या नावावरचे एक जुने खाते बंद करायचे राहिले होते. दोन वर्षांपूर्वी वहिनींबरोबर त्या कामासाठी एका कचेरीत गेलो. खिडकीमागच्या तरुणाने कागद चाळले, मृत्यूचा दाखला पाहिला आणि सहानुभूतीने विचारले,

“कशाने गेले काका?”

“कोरोनात गेले,” वहिनी म्हणाल्या.

“म्हणजे कोरोनाने?”

“नाही हो, रिपोर्ट निगेटिव्ह होता. कोरोनात गेले.”

तरुणाने मान हलवली आणि शिक्का मारला. वहिनींचे म्हणणे त्याला समजले असावे, कारण त्याने पुढे काही विचारले नाही. मी मात्र घरी येईपर्यंत त्या दोन प्रत्ययांवर अडून राहिलो होतो. ‘-ने’ आणि ‘-त’. शाळेत पाठ केलेली तृतीया आणि सप्तमी. वहिनींचे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरीही रोगाने मरणे आणि साथीत मरणे यांतला फरक त्यांनी एका विभक्तीने दाखवला होता. तो फरक साथीवरच्या आपल्या लिखित वाङ्मयात कसा आला आहे, आला आहे की नाही, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

सुरुवातीलाच सांगायला हवे की मी विद्यापीठात साहित्य शिकलेलो नाही. अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. वाचन झाले ते लोकलच्या प्रवासात आणि ग्रंथालयांत. त्यामुळे या लेखात व्याकरणाची चूक निघाली तर ती माझी. निरीक्षण वहिनींचे आहे.

२

घराघरांत मृत्यू कसा सांगितला जातो ते आठवून पाहावे. क्षयाने गेले, कॅन्सरने गेले, हार्ट अटॅकने गेले. रोग हे मृत्यूचे साधन, म्हणून तृतीया. प्लेग, मानमोडी आणि कोरोना आले की मात्र प्रत्यय बदलतो. आजोबा प्लेगात गेले. चुलत आजी मानमोडीत गेली. शेजारचे काका कोरोनात गेले. ‘प्लेगने मेला’ असे मराठीत कोणी म्हणत नाही असा माझा दावा नाही. वर्तमानपत्रे ‘कोरोनाने मृत्यू’ असेच छापत होती आणि पटकीच्या बाबतीत दोन्ही प्रत्यय ऐकू येतात. पण घरातला माणूस घरातल्या माणसाविषयी बोलतो तेव्हा ‘-त’कडे कल असतो, असे गेली काही वर्षे कान देऊन ऐकल्यावर मला वाटते.

हा ‘-त’ आणखी कुठे येतो? लढाईत गेला, पुरात गेला, अपघातात गेला, बाळंतपणात गेली. पहिल्या दोन ठिकाणी आपत्ती पुष्कळांवर एकदम येते. बाळंतपणाचे तसे नाही, ते एकेकटीचे असते. पण तेही एक असे ठिकाण होते की बाई आत शिरायची आणि परत येईलच याची खात्री नसायची. सप्तमी हे अधिकरण आहे, स्थळाची आणि काळाची विभक्ती आहे. ‘कोरोनात गेले’ म्हणताना आपण कोरोनाला एक जागा मानतो. सगळेच तिच्यात शिरले, काही बाहेर आले, काही आले नाहीत.

या प्रयोगाचा एक गुण आहे आणि एक दोष. गुण असा की त्यात बरेच लोक मावतात : विषाणूने गेलेले, रुग्णवाहिका न मिळाल्याने गेलेले, हाय खाऊन गेलेले. दोष असा की तीन शब्दांत सगळे आटोपते. नेमके काय झाले, कोणी काय केले, काय करायचे राहिले, हे कोणी विचारत नाही. दुसऱ्या पिढीपर्यंत पोचतो तो फक्त प्रत्यय. ‘आजोबा प्लेगात गेले’ यापलीकडे आजोबांविषयी काही ठाऊक असलेली घरे मला फार थोडी भेटली.

मग लिहिणाऱ्यांनी काय केले?

३

मराठीत साथ म्हटली की पहिली आठवते ती १८९७ची. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ला साथीच्या रोगांचा कायदा आला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांकडून घरांची झडती सुरू झाली. २२ जून १८९७ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लोकमान्य टिळकांवर ‘केसरी’तल्या लेखनासाठी राजद्रोहाचा खटला झाला आणि सप्टेंबरमध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. शाळेच्या पुस्तकापासून ‘२२ जून १८९७’ या १९७९च्या चित्रपटापर्यंत ही कथा आपण पुन्हा पुन्हा सांगितली आहे.

या कथेत प्लेग कुठे आहे? दामोदर हरी चापेकर यांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त वाचताना हा प्रश्न मला फार टोचला. त्यात आखाडा आहे, धर्माभिमान आहे, मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याची हकीकत आहे, सुधारकांवरचा राग आहे आणि रँड आहे. रोगी मात्र जवळजवळ दिसत नाही. रोग आहे तो जुलमाचे निमित्त म्हणून. याबद्दल चापेकरांना दोष देण्यात अर्थ नाही. फाशीच्या छायेत बसून त्यांनी आपल्याला जे सांगायचे ते सांगितले. प्रश्न आपल्या स्मृतीचा आहे. तिने त्या साथीतून जे उचलले त्याला कर्ता होता, कर्म होते आणि क्रियापद होते. रँडने जुलूम केला. चापेकरांनी रँडला मारले. अशी वाक्ये टिकतात.

आकडे पाहिले की या स्मृतीचा तिरपेपणा लक्षात येतो. प्लेग १८९७मध्ये संपला नाही, तेव्हा तो सुरू होत होता. पुढे दोन दशकांहून अधिक काळ तो देशभर फिरत राहिला आणि त्यात एक कोटीच्या आसपास माणसे गेली. एकट्या १९०७ या वर्षात तेरा लाखांवर मृत्यू नोंदले गेले. तोवर सरकारने जबरदस्तीचे उपाय बरेच सैल केले होते. झडती गेली, सोजिर गेले, रोग राहिला. शत्रू दिसेनासा झाल्यावर गोष्टही थांबली. खुद्द लोकमान्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ १९०३मध्ये प्लेगात गेला. १८९७चे टिळक सर्वांना ठाऊक आहेत. १९०३च्या घरातले टिळक चरित्राच्या एखाद्या परिच्छेदात भेटतात.

त्या साथीतली आणखी दोन माणसे इथे आठवली पाहिजेत. पंडिता रमाबाईंनी १८९७मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून पुण्याच्या प्लेग रुग्णालयात आणि विलगीकरणात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल तक्रार केली. ते पत्र इंग्रजीत होते आणि त्याचे पडसाद थेट विलायतेत उमटले. मराठी वाचकाच्या प्लेगच्या आठवणीत मात्र त्याला जवळपास जागा नाही. दुसऱ्या सावित्रीबाई फुले. मुलगा डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ उघडलेल्या दवाखान्यात त्या रोग्यांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या आजारी मुलाला, पांडुरंगला, त्यांनी पाठीवर घेऊन आणले आणि १० मार्च १८९७ला त्या स्वतः प्लेगने गेल्या. इथे मी जाणूनबुजून ‘प्लेगने’ लिहितो आहे, कारण त्यांच्या बाबतीत रोग कोणाकडून आला, कोणत्या कामात आला, हे आपल्याला ठाऊक आहे. १८७७च्या दुष्काळात जोतीरावांना लिहिलेले त्यांचे पत्र आहे. प्लेगमधले त्यांच्या हातचे काही नाही. शुश्रूषा करणाऱ्याला लिहायला वेळ नसतो आणि पुष्कळदा आयुष्यही उरत नाही. साथीच्या वाङ्मयातली ही पहिली आणि मोठी उणीव.

४

दुसरा प्रकार आत्मचरित्रांचा. तिथे ‘-ने’ आणि ‘-त’ यांच्या जोडीला तिसरा शब्द येतो : ‘प्लेगमुळे’. महर्षी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम १९०० साली पुण्यातून हिंगण्याला नेला तो प्लेगमुळे. साने गुरुजींना औंधचे शिक्षण सोडून पालगडला परतावे लागले ते प्लेगमुळे. आत्मचरित्रकाराला पुढे जायचे असते. साथ ही त्याच्या वाटेवरचे वळण असते. वळण संपले की ती मागे पडते. हिंगण्याला पुढे जे उभे राहिले ते इतके मोठे, की ज्या भीतीपायी माणसे शहराबाहेर पडली ती भीती आज त्या नावाशी जोडलेलीही नाही.

याला अपवाद आहेत. सावरकरांच्या ‘माझ्या आठवणी’मध्ये प्लेग भगूरच्या घरात शिरतो. १८९९मध्ये वडील आणि चुलते गेले, भाऊ आजारी पडले. तिथे रोग निमित्त म्हणून येत नाही. घराच्या आतून, अंथरुणाशेजारून पाहिलेला दिसतो. राजकारणातल्या पुढच्या सावरकरांविषयी कोणाचे काहीही मत असो, पोरके होत चाललेल्या घराचे ते वर्णन साथीच्या मराठी गद्यात वेगळे ठेवावे लागते.

माझ्या मते या सगळ्यांत वरचढ पुस्तक ‘स्मृतिचित्रे’ हे आहे. १९३४पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात लक्ष्मीबाई टिळकांनी प्लेगची वर्षे आणि त्यातली शुश्रूषा संसाराच्या इतर खटाटोपाच्या ओळीतच मांडली आहे. त्यांना शत्रू लागत नाही. कोणी काय खाल्ले, कोण कोणाला शिवले, कोण घाबरले, आपण स्वतः किती घाबरलो, यातून त्या काळ उभा करतात. साथ त्यांच्या गद्यात स्वतंत्र प्रकरण होऊन बसत नाही, ती घरातल्या माणसांत मिसळते. म्हणून ती खरी वाटते.

मार्च-एप्रिल २०२०मध्ये मी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढले ते मात्र प्लेगसाठी नव्हे, सुरुवातीच्या पानांसाठी. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सत्तावन्नच्या बंडानंतरच्या एका धक्क्यातून सोवळ्याचे वेड लागले होते. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही. मिठासारखी पाण्यात विरघळणारी वस्तूही त्यातून सुटायची नाही. पूर्वी ही पाने वाचताना आपण हसलो होतो. त्या वसंतात पालेगावच्या आमच्या इमारतीत प्रत्येक दारात एक बादली होती आणि दुधाच्या पिशव्या, कोथिंबीर, नोटा, किल्ल्या धुतल्या जात होत्या. लक्ष्मीबाई वडिलांना हसतात, पण त्या वेडामुळे आईला आणि मुलांना काय सोसावे लागले हे सांगायला विसरत नाहीत. भीतीने धुणारा एक असतो आणि पाणी भरणारे दुसरे असतात. आमच्या इमारतीत घरकाम करणाऱ्या बायकांना तीन महिने फाटकातून आत सोडले नव्हते. ‘शिवाशिव’ हा शब्द कोणी उच्चारला नाही. इंग्रजी शब्द उपलब्ध होता, त्यामुळे गरज पडली नाही.

५

आता १९१८. ज्याला जग स्पॅनिश फ्ल्यू म्हणते त्याला आपल्याकडे खेड्यापाड्यांत ‘मानमोडी’ म्हणत. जून १९१८मध्ये ती मुंबईत दिसली आणि पावसाळ्याच्या अखेरीस दुसरी लाट आली ती भयंकर. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. पाऊसही त्या वर्षी दगा देऊन गेला होता, धान्य महाग होते. देशभरात गेलेल्यांचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत. १९११ ते १९२१ हे जनगणनेतले असे एकमेव दशक आहे की ज्यात देशाची लोकसंख्या घटली.

म्हणजे १८९७च्या मानाने कितीतरी पट मोठा संहार, आणि तोही अवघ्या काही महिन्यांत. त्यावर मराठीत माझ्या वाचनात आले ते सुटी वाक्ये, चरित्रांतले ओझरते उल्लेख, घराण्यांच्या वंशावळीत एकाच साली थांबलेली तीन-चार नावे. हिंदीत निरालांनी ‘कुल्ली भाट’मध्ये प्रेतांनी भरलेली गंगा आणि उद्ध्वस्त झालेले आपले घर लिहून ठेवले. इंग्रजीत अहमद अली यांच्या ‘ट्वायलाइट इन दिल्ली’मध्ये ती साथ आहे. मराठीत तशा तोलाचे काही मला सापडले नाही.

याचे कारण मराठी लेखकांच्या अनास्थेत शोधणे मला बरोबर वाटत नाही. मानमोडीला रँड नव्हता. घरात घुसणारे सोजिर नव्हते, कारण सरकारने जवळजवळ काहीच केले नव्हते. काहीही न करण्याचा अन्याय दिसत नाही; त्याला चेहरा नसतो, म्हणून त्यावर गोळीही झाडता येत नाही आणि पोवाडाही रचता येत नाही. साथ इतकी झपाट्याने आली आणि गेली की तिला कथा व्हायला सवड मिळाली नाही. ती ‘मानमोडीत गेले’ या शब्दांत मिटली.

या शब्दांचा माग काढायला मला दूर जावे लागले नाही. पालेगाव आता टोलेजंग इमारतींचे झाले असले तरी मूळ गाव आगरी वस्तीचे, भातशेतीचे. गावातल्या एका वृद्ध आजींनी सासूकडून ऐकलेली हकीकत मला सांगितली. सासूच्या माहेरची तीन माणसे भात कापणीच्या तोंडावर गेली. उभे पीक कापायला माणूस नव्हते. “मानमोडीन गेली तिघा,” आजी म्हणाल्या.

मी कान टवकारले. आगरी बोलीत सप्तमीचा प्रत्यय ‘-न’ आहे : घरान, शेतान, गल्यान. म्हणजे ‘मानमोडीन’ हे ‘मानमोडीत’ झाले. पण प्रमाण मराठीच्या कानाला ते ‘मानमोडीनं’, म्हणजे तृतीयाही वाटू शकते. मी आजींना विचारले, “मानमोडीत की मानमोडीने?” त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिले. “गेली ना रे,” त्या म्हणाल्या, “आता तुला कशान पायजे?”

त्यांच्या ‘कशान’मध्येही दोन्ही विभक्त्या होत्या. हकीकतीतले मला सगळ्यात मोलाचे वाटले ते उभे पीक. तेवढ्या एका तपशिलामुळे ती तीन माणसे, शंभर वर्षांनंतर, प्रत्ययाच्या बाहेर आली होती.

६

कोरोनाचे वाङ्मय आपल्या डोळ्यांदेखत तयार झाले. ९ मार्च २०२०ला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण आढळले. १३ मार्चला राज्यात लागू झाला तो तोच १८९७चा कायदा. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २५ मार्चपासून देश बंद. त्या वर्षीचे दिवाळी अंक उशिरा आले, काही नुसते पडद्यावर आले, पण आले. २०२० आणि २०२१चे जे अंक माझ्या कपाटात आहेत ते मी या लेखासाठी पुन्हा वाचले.

त्यांत चांगले लेखन आहे. पण बहुतेक लेख एकाच खोलीत लिहिल्यासारखे वाटतात. खिडकी आहे, रिकामा रस्ता आहे, पुन्हा ऐकू येऊ लागलेले पक्षी आहेत, भांडी घासणारा पुरुष आहे, जगाच्या वेगाविषयी चिंतन आहे. या लेखकांसाठी कोरोना खरोखरच अधिकरण होता : राहायची जागा. ज्यांना त्या जागेत राहता येत नव्हते ते लेखांत दुरून दिसतात, चालताना. ८ मे २०२०ला पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. त्यांच्यावर कविता पुष्कळ झाल्या. ते सोळाजण कोरोनाने गेले नाहीत हे उघड आहे. कोरोनात गेले, असे म्हणायला आपली भाषा तयार आहे. मोजणीचे तक्ते तयार नाहीत.

एका शब्दाचा प्रवासही नोंदवायला हवा. ‘लॉकडाऊन’ला सरकारी मराठीत ‘टाळेबंदी’ हा प्रतिशब्द आला. अंबरनाथ-उल्हासनगरच्या कामगाराला तो शब्द आधीपासून ठाऊक होता. कामगार करतो तो संप, मालक करतो ती टाळेबंदी. तिच्यात कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागते आणि कामगार बाहेर राहतो. २०२०च्या टाळेबंदीत कुलूप घराला होते आणि माणसे आत होती, असे वरवर दिसते. पण आनंदनगरच्या कंत्राटी कामगारासाठी जुना अर्थच खरा ठरला : फाटक बंद, मजुरी बंद. माझ्या भावाने बातम्यांत तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो म्हणाला होता, “टाळेबंदी मालक करतो. सरकार कधीपासून करायला लागलं?”

आणि मोजणी. प्रत्येक संध्याकाळी आकडा यायचा. त्या आकड्याला तृतीयाच हवी होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२१च्या आदेशानुसार गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपयांचे साहाय्य मिळाले. त्याचे निकषही याच धर्तीचे होते : चाचणी पॉझिटिव्ह असावी, मृत्यू तीस दिवसांच्या आत असावा. पैसे वाटायचे तर रेघ कुठेतरी ओढावी लागते, हे मला मान्य आहे. पण ती रेघ कारकुनाची आहे. लेखकाने ती आपली मानायचे कारण नव्हते.

मी मानली.

७

२०२१च्या एका दिवाळी अंकात साथ आणि साहित्य या विषयावर माझा लेख आला होता. त्यात कामूची ‘द प्लेग’ होती, डीफो होता, अनंतमूर्तींची ‘संस्कार’ होती. प्लेगात मेलेल्या नारणप्पाचे प्रेत घरात पडून आहे आणि अग्रहारातले ब्राह्मण त्याच्यावर संस्कार कोणी करावे याचा काथ्याकूट करत आहेत, या प्रसंगावर मी दोन पाने लिहिली होती. लेख बरा झाला होता. वाचकांची पत्रे आली. वहिनींनीही तो वाचला. त्या म्हणाल्या, “चांगलं लिहिलंय भाऊजी.” एवढेच.

त्या लेखात माझ्या भावाविषयी एक ओळही नव्हती. खासगी दुःख बाजारात मांडू नये असे मी तेव्हा स्वतःला सांगितले होते. आज तो लेख काढून वाचला तर खरे कारण वेगळे दिसते. विषय कोरोनाचा होता आणि दादाचा रिपोर्ट निगेटिव्ह होता. म्हणून तो विषयाबाहेर. इतरांच्या लेखनातल्या गाळलेल्या जागा दाखवणारा मी, घरातला माणूस तक्त्यात बसत नाही म्हणून गाळून मोकळा झालो होतो. नारणप्पाच्या प्रेतावर दोन पाने लिहिताना हे माझ्या लक्षात आले नाही.

म्हणून या शोधलेखाच्या शेवटी पुराव्याच्या जागी एक हकीकत जोडतो.

दादाचे मूत्रपिंड निकामी झाले होते. सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस. ३० एप्रिल २०२०चा गुरुवार नीट पार पडला. सोमवारी, ४ मे रोजी, केंद्रावर गेल्यावर कळले की तिथला एक रुग्ण पॉझिटिव्ह निघाल्याने केंद्र बंद आहे. दुसऱ्या दोन ठिकाणी विचारले; दोन्हीकडे आधी कोरोनाचा रिपोर्ट मागितला. मंगळवारी नमुना दिला. गुरुवार चुकला. पुतण्या मोटारसायकलवरून रोज चौकशीला जात होता, नाक्यावर पोलिसांना फाइल दाखवत होता. दादाचे पाय सुजले, मग चेहरा. त्याला आडवे होता येईना, म्हणून तो दोन रात्री खुर्चीत बसून होता आणि वहिनी समोर जमिनीवर. पाणी मोजून, वाटीने. शनिवारी संध्याकाळी पुतण्याच्या फोनवर रिपोर्ट आला : निगेटिव्ह. घरात आनंद झाला होता, हे मला लिहायलाच हवे. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. रविवारची, १० मेची, वेळ मिळाली सकाळी नऊची. पहाटे चारला त्याला धाप लागली. रुग्णवाहिकेला फोन केला. ती साडेपाचला आली. तोवर तो गेला होता. स्मशानात आम्ही चौघे होतो. नियमाने वीसजणांना परवानगी होती, पण लोकल बंद होत्या आणि ज्यांना चालत येता आले असते ते घाबरले होते. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मीही गेलो नसतो.

केंद्र बंद करणाऱ्यांनी तेव्हाच्या नियमाप्रमाणे केले असेल. रिपोर्ट मागणाऱ्यांनीही. या हकीकतीत मला रँड सापडत नाही. बहुधा म्हणूनच ती चार वर्षे लिहिली गेली नाही. शत्रू असलेलीच गोष्ट सांगण्याची आपल्या वाङ्मयाला जी सवय आहे, ती मलाही होती.

साथींवरच्या मराठी लेखनाकडे एकत्र पाहिले तर मला असे दिसते. जिथे कर्ता होता तिथे आपण इतिहास लिहिला. जिथे पुढची वाट होती तिथे आत्मचरित्र लिहिले. उरलेले सगळे ‘-त’वर सोपवले. तो प्रत्यय आपल्या बायकामाणसांनी जपला आणि तो तक्त्यांपेक्षा प्रामाणिक आहे, कारण त्याने कोणाला वगळले नाही. पण तो नुसता जपून भागत नाही. आजींच्या सासूने उभे पीक सांगितले, लक्ष्मीबाईंनी पाणी भरणारी माणसे सांगितली, तसे त्या प्रत्ययाच्या आत काय होते ते कोणीतरी विचारावे लागते, आणि सांगणारे हयात आहेत तोवर विचारावे लागते. १९१८च्या बाबतीत आपल्याला उशीर झाला. २०२०च्या बाबतीत अजून झालेला नाही. घरात ‘कोरोनात गेले’ असे कोणी म्हणाले तर त्या माणसाला पुढचे विचारावे : वार कोणता होता, कोण जवळ होते, कशासाठी किती वेळ थांबावे लागले.

वरची हकीकत मी आधी वहिनींना वाचून दाखवली. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. देवापुढे साखर नव्हती ठेवली, म्हणाल्या. साखर संपली होती. गूळ होता.